खाजवाल्या मॅडम

सुरतेतल्या एका मोठ्या दवाखान्यात विशाखाचं काम एकच: दिलेल्या औषधानं कुणाला उलटा अपाय तर झाला नाही ना, ते हुडकायचं. ती खाज सुटते का विचारत फिरे, म्हणून वॉर्डात तिला ‘खाजवाल्या मॅडम’ म्हणत. डॉक्टरांना वाटे, ही आपल्या चुका काढायला आलीय. पेशंटांना वाटे, हिला काही सांगितलं की घरी जायची सुट्टी लांबते. तिची आई अंजनाबाई गोडादऱ्यातल्या शेजारणींना ‘मुलगी औषधं तपासते’ एवढंच सांगे. खाजेचं नाव काढत नसे.

‘काही त्रास?’ असं विचारलं की आपली माणसं डॉक्टरांचा मान राखून ‘नाही, बरं आहे’ म्हणतात, हे विशाखा लवकरच शिकली. तेव्हापासून ती जेवणाच्या वेळीच वॉर्डात शिरे आणि ज्याच्या-त्याच्या डब्यात डोकावे. भोचकपणाचा पगार घेणारी साऱ्या सुरतेत ती एकटीच असावी.

त्या दुपारी ती लोटूच्या खाटेशी थांबली. लोटू कडोदऱ्याला पॉवरलूमवर कामाला. मागावरच फिट येऊन पडला आणि हात मोडून घेतला. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, उद्या घरी जायचं होतं. बायको शोभाबाईनं भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आणला होता. लोटू मात्र दुधात बिस्कीट बुडवत होता.

खानदेशी माणूस, आणि ठेचा सोडून बिस्कीट? विशाखानं स्टूल ओढलं.

‘काका, तोंड उघडा बघू.’

‘काय नही बेन, एकदम मस्त शे,’ लोटू ओठ न उघडताच म्हणाला.

‘मस्त शे,’ शोभाबाईनंही री ओढली आणि घाईघाईनं नवऱ्याच्या सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलं. भर उकाड्यात!

‘काकू, अंगावर पुरळ आहे ना?’

शोभाबाई रडवेली झाली. ‘गोळी गरम पडनी व्हई. रविवारे पोरनी सगाई शे, मॅडम. डॉक्टरले सांगू नका, सुट्टी अटकी जाई.’

विशाखाला तिची दया आली, पण भीती त्याहून मोठी होती. ‘तोंड आलंय, पुरळ उठलंय. हीच गोळी चालू ठेवली तर भाजल्यासारखी कातडी सोलून निघेल. जिवावर बेतेल, काकू. फिटसाठी दुसरं औषध देतात.’

लोटू उसळला. ‘बाप बिगर सगाई व्हस का कोठे?’

शोभाबाईनं पदरानं डोळे पुसले. ‘व्हई जाई. पन लगीनमा कन्यादान कोन करी?’

लोटूनं विशाखाकडे वळून मुकाट्यानं आ केला.