उतरंडीतला शाळू

आम्ही शाळू पिकवत होतो आणि मिलो खात होतो. ज्यानं ती लाल मिलो खाल्ली नाही, त्याला हे सांगून कळायचं नाही. परदेशातून आलेली ती ज्वारी रेशनच्या दुकानात मिळायची. थापताना भाकरीच्या कडा फाटायच्या आणि तव्यावरून उतरल्यावर थोड्या वेळात तिचं कातडं व्हायचं. आमच्या आईच्या हातची भाकरी गावात नावाजलेली, पण मिलोपुढं तिचे हात हरले. पहिल्या दिवशी तिनं थापायचं सोडून पिठाचा गोळाच वडलांपुढं ठेवला आणि म्हणाली, "जनावराला घालायचा का माणसाला, तुमीच ठरवा."

जळकोटच्या अलीकडं, हैदराबादच्या सडकेला लागून आमचं रान. विहीर नावाला होती, पण जमीन काळी आणि खोल. निजाम गेला, मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र झाला. दर वेळी वडील म्हणायचे, आता बरं होईल. झालं ते असं, की लेव्ही आली. पिकलेल्यातला हिस्सा सरकारनं ठरवलेल्या भावात सरकारला घालायचा. बाजारातला भाव त्याच्या कितीतरी वर, पण बाजार आमच्यासाठी होताच कुठं? जिल्ह्याबाहेर दाणा न्यायला बंदी होती. सोलापूरची पेठ जवळ, पण वाटेत नाका. तुळजापूरच्या व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक. तो पडता भाव सांगायचा आणि वर म्हणायचा, "काका, परवडत नसंल तर सोलापूरला न्या की. कुणी अडवलंय?" त्याचं ते हसणं मला आजही आठवतं.

हे सगळं घडलं त्या साली उन्हाळ्यात मी सोलापूरहून बी. ए. होऊन आलो होतो. आमच्या घरात चौथीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, गावात मॅट्रिकच्या पुढं कुणी नव्हतं. चावडीपुढं बसणारे म्हणायचे, "बी. ए. झालास न्हवं, आता बैलास्नी विंग्रजीत हाक." मी म्हणायचो, "बैल शिकतील हो. तुमचं कसं व्हायचं?"

त्या साली दाणा संपला होता. लेव्हीत घातला तेवढा घातला, तरी आमच्या नावावर बाकी राहिली होतीच. घरात उरलं होतं ते फक्त बियाणं. आमचं बियाणं म्हणजे वडलांचा अभिमान. उभ्या पिकात फिरून ते कणसं हेरायचे, त्यांना चिंधी बांधून ठेवायचे आणि ती वेगळी खुडायचे. आई ते दाणे राख आणि कडुलिंबाचा पाला घालून एकावर एक रचलेल्या उतरंडीच्या मडक्यांत भरायची. अशा दोन उतरंडी. भाद्रपदात महालक्ष्म्या यायच्या त्या या उतरंडींवरच बसायच्या. मडक्यांनाच लुगडं नेसवायचं आणि वर मुखवटा ठेवायचा. लक्ष्म्या उठल्या की मडकी उतरायची, कणसांवर काणीचा रोग पडू नये म्हणून बियाण्याला गंधक चोळायचं आणि रानात वाफसा आला की पेरायचं. हा आमच्या घरचा दस्तूर. हेच बी आईनं माहेरी, सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या मामालाही दिलेलं होतं.

लक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी तलाठी एका पाहुण्याला घेऊन आला. पुरवठा खात्याचा नवा इन्स्पेक्टर. माझ्याएवढ्याच वयाचा असेल, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. सणाला दारी आलेला माणूस, त्याला पाटावर बसवलं. पुरणपोळीवर तुपाची धार धरताना आईनं हात आखडला नाही. जेवण झाल्यावर तो लक्ष्म्यांपुढं हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "छान बसवल्यात."

एवढ्यानं वडील फुलले. लुगड्याची निरी जरा बाजूला करून त्यांनी मडक्यातला मूठभर शाळू काढला आणि त्याच्या ओंजळीत घातला. "सायेब, मोती बघा मोती. असला शाळू पंचक्रोशीत न्हाय."

त्यानं दाणे बोटानं फिरवले. "एवढा टपोरा माल घरात आहे, आणि मला सांगता दाणा संपला?"

वडलांना ती चेष्टा वाटली. ते हसले. "ह्ये बियाणं हाय, सायेब. ह्ये कुणी दाण्यात धरत न्हाय."

"तुम्ही नाही धरत," तो म्हणाला आणि सुपारी तोंडात टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुखवटे उतरवून आई लुगड्यांच्या घड्या करत होती. दारात बैलगाडी थांबली. इन्स्पेक्टर, तलाठी, दोन हमाल आणि रिकामी पोती. आई उठली आणि उतरंडींपुढं जाऊन उभी राहिली.

"निजामाची माणसं गल्ला न्यायला येत व्हती," ती म्हणाली. "दारात घोडं नाचवत व्हती. पर बियाण्याला त्यांनी बी हात लावला न्हाय."

"निजाम गेला, बाई," इन्स्पेक्टर म्हणाला.

वडील म्हणाले, "सायेब, काल तुमी हितंच जेवला."

तो माझ्याकडं वळून म्हणाला, "तुम्ही ग्रॅज्युएट आहात ना? घरच्यांना कायदा समजावून सांगा. बाकी म्हणजे बाकी. बियाणं पुढं सरकारी डेपोतून मिळेल."

मी म्हणालो, "त्यांना समजलंय. तुम्ही एवढंच ध्यानात ठेवा, की मला विसरायची सवय नाही."

तो हसला. हमालांनी मडकी पोत्यांवर पालथी केली. राख उडाली, कडुलिंबाचा पाला अंगणभर झाला. ती मडकी आईनं पुन्हा रचली नाहीत. ती तशीच अंगणात पालथी पडून राहिली. येणारा जाणारा बघायचा आणि पुढं जायचा.

वडील गाडी जुंपून मामाकडं गेले. मामानं पोतं भरून दिलं. येताना नाक्यावर गाडी अडवली. नशीब असं, की तिथं तोच इन्स्पेक्टर उभा. वडलांनी सांगितलं, हे विकायचं नाही, पेरायचं आहे. तो म्हणाला, "दाण्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं, पेरायचा का विकायचा. माल जप्त करत नाही, हीच मेहरबानी समजा. गाडी मागं फिरवा." वडलांनी ते पोतं परत मामाकडं टाकलं आणि रिकामी गाडी घेऊन घरी आले.

रानातली ओल चालली होती. डेपोतून बियाणं आलं तेव्हा हस्त निम्मा सरला होता. दाणा बारका, नाना गावचा मिसळलेला. वडलांनी गंधकाचं विचारलं तर डेपोवाला म्हणाला, "औषध लावूनच आलंय. वर काही चोळू नका, उगवायचं नाही." वाट बघायला दिवस नव्हते. पेरलं.

पीक वर आलं ते छान आलं. कणसं बाहेर पडली तेव्हा सडकेनं जाणारे ट्रकवालेसुद्धा वळून बघत. पण जवळ जाऊन दाणा चिमटीत दाबला की तो फुटायचा आणि आतून काळी भुकटी. काणी. सगळं रान काणीनं भरलं होतं. औषध म्हणून सांगितलं ती गोदामातली धूळ होती. मी तहसिलीत अर्ज दिला, मग दुसरा दिला. कारकून म्हणायचा, "अक्षर चांगलं आहे हो तुमचं."

मग येळवस आली. आमच्या भागात येळवसला म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला माणूस गावात राहत नाही. ज्यानं त्यानं आपल्या रानात जायचं, कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, पांडव म्हणून पाच दगड पुजायचे, आणि येईल त्याला भाज्या-कडधान्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील पोटभर वाढायची. सणाच्या आधी तलाठी निरोप घेऊन आला. "इन्स्पेक्टर सायेब तहसीलदार सायबांना घिऊन तुमच्या रानात येत्यात. सडकेला लागून हाय, जीप येती. हुरड्याची सोय ठिवा."

वडील म्हणाले, शेजाऱ्याच्या रानातली चांगली कणसं मागून आणू.

मी म्हणालो, "कशाला? आपल्याच रानातली भाजू."

"डोकं फिरलं का तुजं? येळवसला दारी आल्याला माणूस हाय. त्याचं त्वांड काळं करून धाडायचं?"

"मागून आणून खोटं कशाला खायला घालायचं? त्यांचं बी, त्यांचा हुरडा."

वडील आईकडं बघू लागले. ती आंबिलीसाठी नवं मातीचं बिंदगं धूत होती. मान वर न करता म्हणाली, "बियाणं नेताना त्यानं सण बघितला व्हता का? लक्ष्म्यांचं तोंड पुरणानं गोड व्हतं अजून. पोरगं म्हनतंय तसंच व्हऊ द्या."

येळवसला दुपारी जीप आली. आजूबाजूच्या रानातली माणसंही जमली होती. साहेब आलेत म्हटल्यावर कोण आपल्या रानात बसतो? आईनं दोघांना पोटभर वाढलं. त्यात तिनं काही कमी केलं नाही. आगटी पेटली होतीच. मी आमची कणसं खुडून आणली, त्यांच्या देखत निखाऱ्यात घातली आणि भाजून काढली. एक चोळायला घेतलं, तर इन्स्पेक्टर घाईनं पुढं आला.

"द्या इकडं. साहेबांना मी चोळून देतो."

"तुम्हीच द्या," मी म्हणालो. "तुमचाच हक्क आहे."

त्यानं गरम कणीस दोन्ही तळव्यांत धरून चोळलं, साहेबाच्या पुढ्यात ओंजळ नेली आणि फोलकट उडवायला जोरात फुंकर मारली. काळा ढग उठला. साहेबाचा सदरा, मिशा, कपाळ, सगळं काळं. इन्स्पेक्टरचं तोंड तर कढईच्या बुडासारखं.

मग शेजारचा एक म्हातारा सावकाश म्हणाला, "बुक्का बरा लागलाय सायबास्नी." आणि माणसं हसायला लागली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. वडीलच तेवढे खाली बघत होते.

"हे काय आहे?" तहसीलदारानं विचारलं.

"हुरडा," मी म्हणालो. "इन्स्पेक्टर साहेबांच्या बियाण्याचा."

मग मी सगळं सांगितलं. लक्ष्म्या, उतरंड, पोती, नाका, डेपो. आधी इंग्रजीत सांगितलं आणि मग मराठीत. इंग्रजी साहेबासाठी, मराठी शिवारासाठी. बी. ए. चा मला झालेला पहिला उपयोग तो.

तहसीलदाराला आमची कणव आली, असं मला वाटत नाही. त्याचे कपडे काळे झाले होते आणि लोक बघत होते. त्यानं तोंड पुसलं आणि इन्स्पेक्टरला विचारलं, "बियाणं घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" इन्स्पेक्टर हात झटकू लागला. मग तहसीलदार मला म्हणाला, "तुमचं म्हणणं काय?"

"आमचं बी मामाकडं आहे, नाक्याच्या पलीकडं. ते पुढच्या पेरणीआधी पाहिजे."

"परवाना देतो."

"परवाना नको, माणूस पाहिजे. ज्यानं नेलं त्यानं आणून द्यावं. आणि आमच्या गावात बियाण्याला परत हात लागू नये."

त्यानं इन्स्पेक्टरकडं बघितलं. "आणतील," तो म्हणाला.

पुढं सात-आठ महिने आम्ही पुन्हा मिलोच खाल्ली. पण त्या मिलोची चव मला वेगळी लागायची. मी वाट बघत होतो.

श्रावणात इन्स्पेक्टर आला. जीप वेशीपाशी थांबली, कारण आमच्या बोळात ती शिरत नाही. पोतं उचलायला गावातला एकही हमाल पुढं झाला नाही. मी दारात उभा राहून बघत होतो. त्यानं ते स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि चिखलातून आणलं. इस्त्री कुठल्या कुठं गेली होती. वर्षभर पालथी पडलेली मडकी आईनं त्या सकाळी धुऊन सुलटी केली होती.

"आदी राख," ती म्हणाली. "मग पाला. मग बी."

त्यानं उकिडवं बसून एकेक मडकं भरलं. दाणे सांडले ते वेचले. उठला तेव्हा त्याच्या अंगाला राख लागली होती. आईनं त्याला पाणी विचारलं नाही. आमच्या दारात पाण्याला न विचारलेला तो पहिला माणूस. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्या भाद्रपदात लक्ष्म्या उतरंडींवर बसल्या. वडलांनी स्वतः गंधक चोळलं आणि आमचं रान आमच्या शाळूनं पेरलं. लेव्ही पुढं काही वर्षं राहिली. पण आमच्या गावात बियाण्याच्या मडक्याला पुन्हा कुणी सरकारी माणसानं हात लावला नाही.