पाचवे स्टेशन

११ डिसेंबर १९२१ अशी तारीख असलेला एक संदेश हौशी रेडिओचालकांनी लघुलहरींवरून अटलांटिक महासागरापलीकडे पाठवला आणि पलीकडे तो पूर्ण उतरवून घेतला गेला. एवढे पडताळून पाहता येते. ऐकणाऱ्याने जे ऐकले तेच लिहिले, हा विश्वास मात्र तेव्हाही आधी ठेवावा लागला होता. हौशी रेडिओच्या स्पर्धा आजही त्याच विश्वासावर चालतात. परीक्षक कुणाच्या खोलीत येऊन बसत नाही.

ज्यांची ही हकिगत आहे ते गृहस्थ व्यवसायाने कवळ्या करणारे. तीन दंतवैद्यांकडून तोंडाचे ठसे यायचे आणि त्यांच्या घराच्या मागच्या खोलीतून दात जायचे. रेडिओ क्लबात त्यांची भाचीही सभासद होती. ती त्यांना मामा म्हणे, म्हणून हळूहळू सगळा क्लबच त्यांना मामा म्हणू लागला. वयाने थोरले सभासदसुद्धा. "सगळ्यांचा मामा झालोय, आहेर मात्र कुणी करत नाही," असे ते म्हणत. अर्थात हे बरी झोप झालेली असेल त्या दिवशी. अलीकडे असे दिवस कमी झाले होते.

खोली एकच होती आणि तिचे दोन भाग होते. खिडकीजवळच्या टेबलावर प्लास्टरचे जबडे, मेण आणि घासण्याची मोटर. समोरच्या भिंतीला लागून रेडिओसंच, वीजशक्ती दाखवणारे मीटर, मोर्स वाजवायची पट्टी आणि लॉग, म्हणजे झालेल्या संपर्कांची नोंद, लिहायचा संगणक. प्लास्टरची भुकटी दोन्हीकडे सारखीच बसे. संचातून निघालेली तार खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून गच्चीवरच्या खांबापर्यंत गेली होती आणि खांबावरून अँटेनाच्या दोन तारा दोन दिशांना ताणल्या होत्या. त्या खांबाचे दिवस भरले होते. गच्चीला गळती लागली होती. नवा थर घालताना वरचे सगळे काढायचे आणि पुन्हा काहीही उभे करायचे नाही, असे रहिवाशांच्या बैठकीत ठरले होते. मामा बैठकीला गेले होते. त्यांनी हातही वर केला नाही. वाद घालणे जिवावर आले, असे त्यांनी नंतर पत्नीला सांगितले.

म्हणजे तो रविवार ही त्यांची शेवटची स्पर्धा होती. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चालणारी, फक्त मोर्सची, देशातल्या देशात होणारी. जितक्या स्टेशनांशी संपर्क होईल तितके गुण, आणि जितके निरनिराळे जिल्हे मिळतील तितक्या पटीने त्या गुणांची वाढ. त्यामुळे ज्या जिल्ह्यात एखाददुसराच रेडिओवाला असेल, त्याची हाक ऐकू आली की माणसे खुर्चीतून उठतात. मामा ज्या गटात उतरत तो एकट्याचा, कमी शक्तीचा गट. मीटरचा काटा शंभर वॉटच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, आणि ऐकायला, लिहायला, शोधायला कुणाचीही मदत घ्यायची नाही. या गटात ते अनेक वर्षे दुसरे येत होते. पहिला येणारा नेहमी एकच, दुसऱ्या शहरातला एक निवृत्त वीजतंत्रज्ञ. त्याचे मोर्स न अडखळता इतके चाले की क्लबाने त्याला शिलाईमशीन असे नाव ठेवले होते.

"यंदा त्याचा दोरा तुटू दे," सकाळी चहाचा कप संचाशेजारी ठेवताना पत्नी म्हणाली.

"असं बोलू नये."

"मी कुठे मायक्रोफोनवर बोलतेय? आणि तुम्ही पाठ टेकून बसा. काल दिवसभर त्या डॉक्टरच्या वरच्या कवळीवर वाकून होतात. आज ह्या पट्टीवर वाकाल. उद्या मला तुम्हाला सरळ करायला सुतार बोलवावा लागेल."

मामा हसले. पाठ मात्र टेकली नाही.

दुपारपर्यंत काम बरे चालले. रिकामी फ्रिक्वेन्सी शोधायची, ती कुणी वापरत आहे का असे दोनदा विचारायचे, उत्तर आले नाही तरच तिथे हाका मारायला बसायचे, ही त्यांची पद्धत. बरेच लोक एकदाच विचारतात आणि काही मुळीच विचारत नाहीत. मधूनच डायल फिरवून ते शिलाईमशीन ऐकत. स्पर्धेत प्रत्येक जण समोरच्याला आपल्या संपर्काचा अनुक्रमांक देतो, म्हणून प्रतिस्पर्धी कुठवर पोचला ते कानावर येतेच. तो थोडा पुढे होता. फार नाही. त्याला किती जिल्हे मिळाले आहेत, हे मात्र नुसते ऐकून कळण्यासारखे नव्हते.

जेवणानंतर डोळे जड झाले. त्याच सुमारास एका दुर्मिळ जिल्ह्यातून क्षीण हाक आली. मामांनी उत्तर दिले, क्रमांक घेतला, लिहिला. थोड्या वेळाने दुसऱ्या तशाच जिल्ह्यातून एक. खांद्याचे दुखणे जरा मागे सरले. तिसरी हाक आली तेव्हा त्यांना काहीतरी खटकले, पण काय ते कळले नाही. चौथी आली तेव्हा कळले.

यंत्राने पाठवलेले मोर्स सारखेच वाजते. पट्टीवर हाताने पाठवलेले ज्याचे त्याचे असते, आणि जुने लोक त्याला सरळ 'हात' म्हणतात. परवान्यासोबत स्टेशनला जे सांकेतिक नाव मिळते, त्या कॉलसाइनमध्ये अक्षरांनंतर एक अंक येतो. या हाताची खोड अशी की अंकाच्या आधी तो किंचित थबके. जणू वळणाआधी गाडी हळू करावी. ही खोड मामांना पाठ होती, कारण ती मोडायचा प्रयत्न त्यांनी याच खोलीत, याच पट्टीवर वर्षभर केला होता. भाची मोटार चालवायला शिकवत असे. "मामा, दिवसभर दुसऱ्यांच्या वतीने ब्रेक दाबते मी," ती तेव्हा म्हणाली होती, "ते काय बोटांतून जाणारेय?"

आणि दुसरी गोष्ट. लांबून येणारा सिग्नल श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो. हे चारही सिग्नल क्षीण होते, पण सपाट. मुद्दाम शक्ती कमी करून जवळूनच कुणी पाठवावे, तसे. क्लबाचे स्टेशन चार रस्ते सोडून होते.

मामांनी हेडफोन काढले. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. चार निरनिराळ्या कॉलसाइन, चार निरनिराळे जिल्हे, आणि बसलेली एकच. ज्यांच्या त्या कॉलसाइन होत्या ते क्लबाचे जुने सभासद बदली होऊन दूर गेले होते आणि वर्षानुवर्षे त्यांनी संचाला हात लावला नव्हता. भाचीने मागितले असेल आणि ते हो म्हणाले असतील. नियमात याला जागा नव्हती. आपली कॉलसाइन आपणच वापरायची, आणि कुणाला गुण मिळावेत म्हणून संपर्क बनवायचे नाहीत.

हवेवर तिला नाव घेऊन हटकता येत नव्हते. ऐकणारे पुष्कळ होते आणि परवाना तिचा गेला असता. फोन करावा, तर स्पर्धा चालू असताना बाहेर कुणाशी बोलल्यासारखे होईल, असा विचार त्यांच्या मनात आला. अशा वेळी हा विचार यावा याचे त्यांना स्वतःलाच हसू आले. त्यांनी हेडफोन पुन्हा चढवले. आता ते शब्द ऐकत नव्हते, हात ऐकत होते. ते अधिक थकवणारे होते.

उन्हे कलली तेव्हा, पाच वाजून गेल्यावर, पाचवी हाक आली. डोंगरापलीकडच्या त्या जिल्ह्यातून, जो मामांना आजवर एकदाही मिळाला नव्हता. अंकाच्या आधी तीच थबक. पण हा सिग्नल श्वास घेत होता, विरत होता, परत येत होता. मामांची बोटे पट्टीवर थांबली. उत्तर दिले नाही आणि तो खराच कुणी असेल, तर इतक्या लांबून हाक मारणाऱ्याच्या तोंडावर दार लावल्यासारखे होईल. त्यांनी उत्तर दिले, क्रमांक घेतला, लिहिला. समोरून दोन टिंबांचा निरोप आला. तोही तिच्यासारखाच, आणि शेकडो इतरांसारखाही.

स्पर्धा संपली आणि अंधार पडायच्या आत भाची घरी आली. हातात संत्र्यांची पिशवी.

"काय मामा, आज दोरा तुटला की नाही?"

"किती केलेस?" मामांनी विचारले.

"काय किती?"

"चप्पल काढ, बस. आणि सांग, किती केलेस?"

ती बसली. पिशवी मांडीवरच राहिली. मामी दारात येऊन उभी राहिली.

"चार," ती म्हणाली. "त्यांनी स्वतः परवानगी दिली मला. म्हणाले, मामांसाठी ना? खुशाल वापर. तुमचं शेवटचं वर्ष, मामा. दरवर्षी त्या मशीनच्या मागे उभं राहता आणि टाळ्या वाजवता. मला बघवत नाही."

"आणि मला कळणार नाही असं वाटलं तुला?"

"वाटलं, तुम्ही दमलेले असाल," ती हळू म्हणाली.

मामा खरेच दमले होते.

"म्हणजे भाचीनंच मामा बनवला म्हणा की," मामी म्हणाली. कुणी हसले नाही, तेव्हा ती पुढे म्हणाली, "चुकली ती. पण त्या चार ओळी पुसून टाका आणि मोकळे व्हा. एवढं काय त्यात? तुमच्या कवळीत खडा आला तर घासून काढता की नाही?"

"चार नाहीत. पाच आहेत."

"चारच, मामा."

"डोंगरापलीकडचा कोण मग?"

भाचीने मान हलवली. "नाही हो. पाच वाजता मी क्लबाला कुलूप लावलं आणि बाजारात गेले. ही संत्री काय क्लबात पिकली? शपथ घेऊ का?"

"शपथ नको. तुझा हात होता."

"माझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नसेल कशावरून? तुम्हीच म्हणायचात, दमलं की सगळे हात सारखे ऐकू येतात."

ते त्यांचेच वाक्य होते. मामांनी संत्र्यांची पिशवी तिच्या मांडीवरून घेतली आणि टेबलावर जबड्यांच्या शेजारी ठेवली. भाचीने डोळे पुसले आणि विचारले, "माझ्यावर रागावलात?"

"रागवायला पण अंगात काहीतरी लागतं. उद्या रागावीन."

लॉग पाठवायला पाच दिवसांची मुदत होती. चार ओळी मामांनी त्याच संध्याकाळी काढल्या. त्या चार कॉलसाइनवरून कुणी लॉग पाठवणार नव्हते, म्हणून कुणाचे काही बिघडत नव्हते. पाचव्या ओळीचे तसे नव्हते. या स्पर्धेत एकाच्या लॉगमध्ये संपर्क आहे आणि दुसऱ्याच्या लॉगमध्ये नाही असे आढळले, तर पहिल्याचे गुण जातात आणि वर दंडही बसतो. ओळ काढावी आणि माणूस खरा असावा, तर दिवसभर कष्ट केलेल्या अनोळख्याला मामांनी खोटे पाडले असे होईल. ओळ ठेवावी आणि हात भाचीचा असावा, तर पहिला क्रमांक आला तरी तो कुणाच्या बोटांचा, हे मामांना तरी ठाऊक राहीलच. संयोजकांना विचारावे, तर संशय का आला ते सांगावे लागेल, आणि मग चार ओळींचीही गोष्ट निघेल.

परवानाधारकांच्या यादीत ती कॉलसाइन होती. परवाना चालू होता, पत्ता डोंगरापलीकडचाच. मामांनी तिथे दिलेल्या ईमेलवर दोन वाक्ये लिहिली: रविवारी आपला संपर्क झाला, तो आपणच केला होता का, एवढे कळवावे. मग ते रोज कवळ्या घासत आणि मधूनमधून उठून उत्तर आले का ते पाहत. तिसऱ्या दिवशी दंतवैद्याच्या माणसाने खालचा जबडा परत आणला, बसत नव्हता म्हणून. मामांनी तो पुन्हा केला. चौथ्या दिवशी गच्चीवर कामगार मापे घेऊन गेले.

पाचव्या दिवशी दुपारी भाची आली. मामी चहा ठेवत होती.

"आलं उत्तर?"

"नाही."

"मग ठेवा ना ती ओळ. मी खरं सांगतेय, मामा. मी नव्हते ती."

"माझा तुझ्यावर विश्वास आहे," मामा म्हणाले, "आणि कानावर पण आहे. दोन्ही एकदम बसत नाहीत, काय करू?"

लॉग पाठवताना गट निवडायचा असतो. गटांच्या खाली शेवटी एक पर्याय असतो: फक्त पडताळणीसाठी. असा लॉग स्पर्धेत धरत नाहीत. त्याला क्रमांक मिळत नाही, त्याचे गुणही प्रसिद्ध होत नाहीत. इतरांचे संपर्क खरे होते की नाही हे तपासायला मात्र तो वापरतात. कारण विचारत नाहीत. मामांनी पाचवी ओळ जागच्या जागी ठेवली, तो पर्याय निवडला आणि लॉग पाठवून दिला. मग खुर्चीत मागे सरकून पहिल्यांदाच पाठ टेकली.

"झालं?" भाचीने विचारले.

"झालं."

"मी मुळात केलंच नसतं तर..."

"तर मी दुसरा आलो असतो," मामा म्हणाले. "ते मला जमतं. चहा घे."

निकाल दोन महिन्यांनी लागला. एकट्याच्या कमी शक्तीच्या गटात शिलाईमशीन पहिले. तोवर गच्चीवरचा खांब निघाला होता आणि खिडकीतले भोक मामांनी दातांच्याच प्लास्टरने बुजवले होते.

काही गोष्टी अजून अज्ञात आहेत. त्या चार ओळी काढून आणि पाचवी धरून मामांचे गुण शिलाईमशीनपेक्षा जास्त भरले असते की कमी, हे सांगता येत नाही, कारण तपासणीनंतरचा आकडा संयोजकांनी काढलाच नाही. डोंगरापलीकडच्या त्या कॉलसाइनचा लॉग प्रसिद्ध यादीत नाही, पण संपर्क करणारे सगळेच लॉग पाठवतात असे नाही, त्यामुळे यावरून काही सिद्ध होत नाही. ईमेलला उत्तर आलेले नाही. भाची आजही चारच म्हणते. पाचवे स्टेशन कोण चालवत होते, हे कळलेले नाही.