यशोधराबाईंचं बरोबर आलेलं गणित

यशोधराबाई गेल्याची बातमी कॉलेजच्या शिपायाने वर्गाच्या दारात येऊन सांगितली. मी प्राणिशास्त्राचा तास घेत होतो. खडू खाली ठेवला आणि तास सोडून दिला. त्याला आज दीड महिना झाला.

आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजात त्या गणित शिकवायच्या. गाव नागभीडजवळचं, आईवडील दुसऱ्यांच्या बांधीत, धानाच्या शेतात राबलेले. कॉलेजची पायरी चढलेल्या त्या घरातल्या पहिल्याच. एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी विचारलं, "रशीदभाऊ, पेशीले कसं समजते, आता पुरे म्हणून?" मी सांगितलं, पेशीत एका पदार्थापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा अशी साखळी चालते; शेवटचा पदार्थ जास्त झाला की तोच मागे जाऊन पहिल्या विकराला, साखळी सुरू करणाऱ्या एन्झाइमला, अडवतो. त्या म्हणाल्या, "अन् हा निरोप उशिरा पोचला तं?"

त्या एका प्रश्नावर त्यांची सहा वर्षं गेली. समीकरणं मांडायच्या, हाताने सोडवायच्या, सुट्टी लागली की छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन नागपूरला संगणकासाठी नंबर लावून बसायच्या. उत्तर निघालं : साखळी लांब, म्हणजे निरोप उशिरा पोचणारा, आणि अडवणूक जोरकस असली, तर पदार्थाचं प्रमाण एका जागी ठरतच नाही, वरखाली होत राहतं. निबंध परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवला. आठ महिन्यांनी पत्र आलं, की हे वीसेक वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे. ते ज्यांत छापून आलं, ती नियतकालिकं आमच्या ग्रंथालयात कधी आलीच नव्हती. मला ते पत्र पुरतं वाचवेना. त्यांनी त्याची घडी घातली आणि विचारलं, "म्हणजे माह्यं गणित बरोबर होतं ना?" होतं. मी तसं सांगितलं. त्या तासावर गेल्या.

यंदा परीक्षेच्या कामासाठी त्या जंगलातल्या आलापल्लीला गेल्या आणि ताप घेऊन परतल्या. मी भेटायला गेलो, म्हणालो, "दगदग झाली बाई, दोन दिवसांत उतरते." मलेरियाच्या जंतूचं जीवनचक्र मी दरवर्षी फळ्यावर काढतो... आणि रक्त तपासून घ्या, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. तिसऱ्या दिवशी त्या बरळू लागल्या, गावाहून आलेल्या आईला ओळखेनात. डॉक्टर म्हणाले, मलेरिया मेंदूत गेलाय, आधी आणायचं होतं.

परवा त्यांच्या गावी गेलो. मातीच्या भिंतीवर आईने लेकीचा आलेखाचा एक कागद भाताच्या पेजेने चिकटवलाय. निळ्या शाईची रेघ, चढते, उतरते, पुन्हा चढते. माझी चूक सांगायची ठरवूनच गेलो होतो. सांगितली. आईला अक्षर येत नाही. ती त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"हे कुठी थांबते, भाऊ?"

"थांबत नाई, बाई," मी म्हणालो.

कागद संपला होता, तिथंच तिचं बोट होतं.