चिंधीला पाणी लागेपर्यंत

गळ टाकणाऱ्यांच्या साऱ्या जमातीत, सापडलेला मासा होता त्यापेक्षा लहान सांगणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नात्यानं माझा मामेसासरा लागतो. आमच्या हिचे हे थोरले मामा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं बसले. तिथं काट्यावर डोळे लावून उभ्या असलेल्या लोकांसमोर एक किलोसुद्धा चढवून बोलायची सोय नव्हती, आणि ती सवय निवृत्तीनंतर नदीवरही आली. पिशवीत न मावणारा कटला घेऊन ते कसबा बावड्याच्या गल्लीतून येत आणि कुणी विचारलं की खाली बघून म्हणत, "बारकं हाय." माणसांचंही ते नुसत्या नजरेनं वजन करतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडलो तेव्हा आशीर्वादाच्या जागी त्यांनी "बासष्ट" एवढंच म्हटलं होतं. आता लग्नाला वीस वर्षं झाली, माझा आकडा ऐंशीच्या पुढे गेला, तरी त्यांच्या लेखी मी अजून "पावणं"च आहे.

उन्हाळ्यात, नदीचा तळ दिसत असतो तेव्हा, मामा तिकडे फिरकत नाहीत. त्यांचा हंगाम नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचा. या दिवसांत पंचगंगेचा काही भरवसा नसतो. बावड्यात आभाळ निळंभोर, अंगणात उडीद वाळत घातलेले, आणि तिकडे घाटमाथ्यावर परतीचा पाऊस कोसळून गेलेला असतो. ते पाणी कधी दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी, कसलीही वर्दी न देता इथं चढत येतं. शहाणी माणसं आपापल्या पाणी उपसायच्या मोटारी काठावर ओढून घेतात, आणि मामा नेमके तेव्हाच बांबूची काठी, गांडुळांचा डबा आणि लाकडी पाट घेऊन खाली उतरतात. नदी पसरली की मासा काठच्या गवतात चरायला येतो, असं त्यांचं म्हणणं. मी सुट्टी काढून कितीदा तरी त्यांच्या शेजारी बसलो आहे. गढूळ पाणी एका लयीत सरकत असतं, त्यावर गळाच्या दोऱ्याला बांधलेला मोराच्या पिसाचा देठ उभा तरंगत असतो, आणि बघता बघता असं वाटायला लागतं की नदी जागच्या जागी थांबली आहे आणि आपणच काठासकट वर, घाटाकडे चाललो आहोत. झेंडूच्या माळा जातात, एखादी चप्पल जाते. एकदा एक भोपळा डौलात वाहत गेला, तेव्हा मामा डोळे न उघडता "साडेचार" म्हणाले. त्यांना तो कसा दिसला हे मला आजही कळलेलं नाही.

या स्वप्नातून माणूस वेळेवर उठणार नाही हे मामींना पक्कं ठाऊक होतं. मामांची बसायची जागा म्हणजे काठावरचा एक उंचवटा. पाणी वाढलं की मागच्या ओढ्यातून आधी शिरतं, आणि समोर बघत बसलेल्या माणसाला परतीची वाट गेल्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून मामींनी एक अट घातली होती. दर वर्षी घटस्थापनेला त्या स्वतः नदीवर येत, आणि उंचवट्याच्या पायथ्याशी असलेल्या बाभळीला आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधत. चिंधीला पाणी लागलं की गळ गुंडाळायचा आणि घरी यायचं, मग गळाला काहीही लागलेलं असो. मामा ती अट तंतोतंत पाळत. फक्त मामींची पाठ वळली की चिंधी सोडून दोन विती वर बांधत. मी या पापात पाट धरून उभा राहण्यापुरता सामील होतो.

घरी आले की उंबऱ्याशी पाय पुसत मामा वर्दी देत, "लागलं पाणी." आतून मामी म्हणत, "मग बसा आता." एवढंच. त्यानंतर पाय शेकायला गरम पाण्याची बादली येई. एवढ्या साध्या बाईला फसवतो आहोत याची मला लाज वाटे, आणि एकदा मामा आंघोळीला गेलेले असताना मी तांदूळ निवडत बसलेल्या मामींना सगळं सांगून टाकलं. त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "ह्यांची सुरगाठ असती, माझी निरगाठ," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या साली बांधाय गेलं की जुनी गाठ दिसती, कळतंय की. म्हणून मी आदीच दोन विती खाली बांधतो." म्हणजे मामांची लबाडी वर्षानुवर्षं बरोबर मामींनी ठरवलेल्या खुणेवर जाऊन थांबत होती. एकाच वर्षी मामांनी लोभानं तिसरी वीत चढवली, आणि त्या वर्षी दोन तास बाभळीच्या बेचक्यात, पाट मांडीवर घेऊन बसले. म्हशीवाल्यांनी ट्यूब टाकून त्यांना काढलं. त्या दिवशी मामींनी बादली ठेवली ती अशी, की निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. त्यानंतर मामा कधी तिसऱ्या वितीला गेले नाहीत.

मामी या उन्हाळ्यात गेल्या. मामा गळ माळ्यावर टाकतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण घटस्थापनेला त्यांचा फोन आला, "येताय न्हवं, पावणं?" आता त्यांना घरी या म्हणणारं कुणी नव्हतं, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. नदीवर पोचल्यावर त्यांनी खिशातून हिरवी चिंधी काढून माझ्या हातात दिली.

"तुमी बांधा," ते म्हणाले. "मी बांधली की वर जातीया."

कुठं बांधू म्हणून मी विचारलं. मामा वाकले आणि त्यांनी बाभळीच्या खोडावर बोट ठेवलं. मामी दर वर्षी बांधत ती, दोन विती खालचीच जागा होती ती. मी गाठ मारत असताना ते अंगठ्यानं चाचपून बघत होते. "निरगाठ मारा," ते म्हणाले, तेव्हा मला कळलं की मामी गाठीवरून ओळखत आणि म्हणून खाली बांधत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

दुपारी भर उन्हात पाणी चढलं. पिसाचा देठ दोनदा थरथरला आणि गपकन खाली गेला. काठी वाकली. मी ओरडणार तोच मामांनी बाभळीकडे बोट केलं. चिंधीचं टोक भिजून गडद झालं होतं. ओढा अजून कोरडा होता, आणखी अर्धा तास सहज बसता आलं असतं. मामांनी खिशातली कात्री काढून दोरा कापला आणि पाट उचलला. मासा केवढा असेल, असं मी वाटेत विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी वजन सांगितलं नाही, पाट काखेत मारून पुढे चालत राहिले.

घरी आलो. त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्याशी पाय पुसले. "लागलं पाणी," ते सवयीनं म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर तिथंच उभे राहिले, आत जाईनात. मी त्यांच्या मागे होतो. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

"मग बसा आता," मी म्हणालो, आणि पाणी तापवायला आत गेलो.