घोडीवरचं बूच

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून ठेवते. लाँड्री चालवते मी. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट, असले गठ्ठेच्या गठ्ठे येतात. दिवसभर यंत्रं घरघरत असतात, त्यांच्यावर आवाज चढवल्याशिवाय समोरच्या माणसालाही ऐकू जात नाही. लोक म्हणतात, "बाई, ओरडता कशाला?" मी म्हणते, सवय आहे. पण आज सवयीने नाही, रागानेच बोलतेय.

राग माझ्या पाठच्या बहिणीवरून. तिच्यावर, तिच्या घरावर, तिला शहाणपण शिकवणाऱ्यांवर, सगळ्यांवरच. मी तिला धाकटी म्हणते. चाळिशी ओलांडली, कानशिलावर पांढरे केस आले, तरी धाकटीच. शहरातल्या वाद्यवृंदात ती व्हायोलिन वाजवते, शेवटच्या रांगेत, खांबाला लागून. मी कार्यक्रमाला गेले की मला तिचा एक कोपर तेवढा दिसतो. सकाळी ती शाळेतल्या पोरांना शिकवते. मधल्या वेळात घर. म्हणजे घर पूर्णवेळ आणि बाकी सगळं मधल्या वेळात, असं म्हणा.

लहानपणी ही पोरगी काय वाजवायची! आमचे बाबा कारखान्यात यंत्रांपाशी उभे राहून राहून कानाने अधू झालेले. संध्याकाळी हातपाय धुऊन खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "वाजव गं, मला ऐकू येईल असं वाजव." मग ही तो गज, म्हणजे व्हायोलिनवर फिरवायची ती लांब काठी, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची. शेजारची म्हातारी भिंतीवर लाटणं आपटायची. बाबांना तेही ऐकू यायचं नाही. मला अभ्यास करायचाच नसायचा, त्यामुळे तो गोंगाट माझ्या पथ्यावरच पडायचा.

मग लग्न झालं, लेक झाली. बाळ झोपलं की रियाज करायचा, आणि रियाज केला की बाळ उठायचं. तेव्हा तिने ते बूच आणलं. त्याला त्यांच्या भाषेत म्यूट म्हणतात. व्हायोलिनच्या तारा ज्या लाकडी घोडीवर टेकलेल्या असतात, त्या घोडीवर हे काळं रबर घट्ट बसवायचं. आवाज आत घुसमटतो. डबीत माशी अडकल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. म्हटलं, "हे काय गं, व्हायोलिनला सर्दी झालीय?"

बाळ मोठं झालं. बूच निघालं का? नाव नको! मग सासऱ्यांची दुपारची झोप आली. ते गेले, तर खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. भाडेकरू सुटले, तोवर तिचा नवरा, आमचे जावई, घरून काम करायला लागले. आणि आता लेकीची परीक्षा. दर वेळी कारण खरं, दर वेळी माणूस बरोबर. "जरा हळू" हे त्या घराचं ब्रीदवाक्यच झालं. धाकटी अडगळीच्या खोलीत, इस्त्रीचं टेबल आणि प्रवासाच्या बॅगा यांच्यामध्ये उभी राहून, बूच लावून, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ल्यासारखी वाजवत राहिली.

जावई वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर मी केव्हाच त्याची खरडपट्टी काढली असती. भांडी घासतो, लेकीला गणित शिकवतो, मला ताई ताई करतो. एकदा मी विषय काढला, तर शांतपणे म्हणाला, "ताई, घरात माणूस काम करतंय, एवढं तरी समजून घ्यायला नको का?" आता बोला! त्याची मीटिंग ते काम, आणि हिचा रियाज तो आवाज. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! आणि धाकटी मलाच डोळ्यांनी दटावत होती, गप्प बस म्हणून.

गेल्या वर्षी वाद्यवृंदाच्या कचेरीला कुठून तरी अक्कल सुचली आणि त्यांनी सगळ्या वादकांसाठी एक सल्लागार बाई बोलावली. ध्येय कसं ठरवावं, घर आणि काम यांचा समतोल कसा साधावा, असा दिवसभराचा वर्ग. बाईने फळ्यावर मोठं चाक काढलं. म्हणे हे तुमच्या आयुष्याचं चाक, सगळे भाग सारखे हवेत. धाकटीने मला ते चहा पिताना सांगितलं. मी म्हटलं, "तुझ्या चाकातली हवा केव्हाच गेलीय, तिला विचारायचं होतंस पंक्चर काढता येतं का." ती हसली. पण त्या दिवशी एक बरं झालं. प्रत्येकाला आपलं ध्येय उभं राहून सांगायचं होतं, आणि ही शेवटच्या रांगेतली बाई उभी राहून म्हणाली, "मला यंदा सोलो वाजवायचाय."

त्यांच्याकडे वर्षातून एकदा, मोठ्या कार्यक्रमात, वाद्यवृंदातल्याच कुणाला तरी पुढे उभं करतात. बाकीचे सगळे साथीला, मध्ये हा एकटा. त्यासाठी वाद्यवृंद चालवणाऱ्या मास्तरांपुढे आधी वाजवून दाखवावं लागतं. इतकी वर्षं ती त्या यादीत नावच घालत नव्हती.

सल्लागार बाईने विचारलं, "छान! पण घरचा समतोल कसा राखाल?"

आमच्या येडीने खरं ते सांगितलं. "मी घरी म्यूट लावून वाजवते. कुणालाच त्रास होत नाही."

आणि त्या बाईने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या! म्हणे, बघा, याला म्हणतात समतोल. मला हे कळलं तेव्हा माझ्या हातात गरम इस्त्री होती. ती बाई समोर नव्हती, हे तिचं नशीब.

महिनोन्‌महिने धाकटीने त्या अडगळीत घाम गाळला. तिची बोटं बघवत नव्हती. व्हायोलिन टेकवून टेकवून मानेवर पडलेला डाग काळाठिक्कर झाला होता. एकच गोष्ट हवी होती तिला, आयुष्यात एकदा खांबाआडून पुढे यायचं. दुसरं काही नाही. ना पगारवाढ, ना बक्षीस.

ऐकवायच्या दिवशी मी दुकान मदतनीस बायकांवर सोपवून तिच्याबरोबर गेले. तालमीचं दालन रिकामं, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, मास्तर एकटेच पुढे बसलेले. मी मागे भिंतीला टेकून उभी. तिने बूच काढून खिशात टाकलं आणि सुरुवात केली.

सुरुवातीचं संथ छान गेलं. माझ्या अंगावर काटा आला. मग ती जागा आली जिथे आवाज वर चढून मोकळा व्हायला हवा होता. आणि तिथे, अहो काय सांगू, गंजलेलं दार करकरावं तसा आवाज निघाला. ती दचकली. गज आखडला. आणि वाजवता वाजवता तिने मान वळवून दाराकडे बघितलं. त्या रिकाम्या दालनात! जसं काही आता कुणीतरी डोकं आत घालून म्हणणारच, जरा हळू.

मास्तरांनी हात वर करून थांबवलं. भला माणूस. हळूच म्हणाले, "घरी म्यूट लावून वाजवता का?"

"हो."

"किती वर्षांपासून?"

ती खिशातलं बूच चाचपायला लागली. मग मीच मागून ओरडले, "लेक झाली तेव्हापासून! आता ती लेक आईच्या डोक्यावरून बघते!"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. म्हणाले, "म्यूटमुळे आवाज निघत नाही, म्हणून माणूस गज दाबतो. वर्षानुवर्षं दाबतो. मग म्यूट काढला तरी हात दाबतच राहतो. इथे इतक्या व्हायोलिनांमध्ये ते झाकलं जातं, तुम्हालाही कळत नाही, मलाही कळलं नाही. तुमची बोटं पक्की आहेत, सूर पक्का आहे. हात मोकळा करा. पुढच्या वर्षी पुन्हा ऐकेन."

सोलो दुसऱ्याला गेला.

बसथांब्यावर मला वाटलं ही रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. उलट माझीच समजूत काढायला लागली. "जाऊ दे गं ताई. ध्येय जरा मोठंच झालं होतं. त्या बाई म्हणाल्याच होत्या, घडी विस्कटेल असं ध्येय ठेवू नये."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, "घडी घालणं माझा धंदा आहे, मला नको शिकवू! माणसाची घडी घालून फडताळात ठेवायची नसते!" बसथांब्यावरचे लोक बघायला लागले. बघू देत.

पुढच्या आठवड्यात ती दुपारीच लाँड्रीत आली. खांद्यावर व्हायोलिनची पेटी. म्हणाली, "ताई, मी रोज दुपारी इथे वाजवू? इथे एवढा गोंगाट असतो, मोकळं वाजवल्याशिवाय मलाच ऐकू येणार नाही. हात सुटेल. बाबांसमोर वाजवायचे ना, तसं."

मला भरून आलं. अगदी 'ये' म्हणणार होते. मागच्या बाजूला गठ्ठे हलवून जागा कुठे करायची, तेही मनात ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "घरी काही सांगायलाच नको. त्यांचं सगळं नीट चाललंय, कशाला उगाच."

झालं! माझं डोकं फिरलं. "नाही," म्हटलं.

"काय?"

"नाही म्हणजे नाही. इथे येऊन वाजवलंस की त्या घराला आणखी शांतता मिळाली. मी नाही त्यांना ती आयती देणार."

तिचा चेहरा पांढरा पडला. आणि मग माझी ही गरीब गाय, जिने जन्मात कुणाला उलट उत्तर दिलं नाही, ती ओरडली. "तू पण? तू पण नाही म्हणतेस? मग मी वाजवू कुठे? सांग ना, कुठे वाजवू?" सगळी यंत्रं चालू होती, तरी शब्द न्‌ शब्द ऐकू आला. चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या.

"राहतेस तिथे!" मीही तेवढ्याच जोरात ओरडले.

ती धुतलेल्या कपड्यांची टोपली लाथाडून निघून गेली. टोपलीतला सगळा माल परत धुवावा लागला. त्या रात्री मला घास गेला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. जगात एक दार तिने माझ्यापाशी येऊन वाजवलं आणि मी तेच तिच्या तोंडावर लावलं. फोन उचलायचे, ठेवायचे. माफी मागितली तर ती परत येईल, आणि परत आली तर माझं 'नाही' वाया जाईल. असा सगळा तिढा.

चार दिवसांनी, भर दुपारी, जावयाचा फोन आला. कुजबुजत होता. "ताई, तुम्ही हिला काही बोललात का?"

"का? काय झालं?"

"दिवाणखान्यात उभी राहून वाजवतेय. मधोमध. बूच लावत नाही. मी सांगितलं तर माझ्याकडे नुसती बघते आणि परत सुरू करते. माझी मीटिंग चालू आहे हो! तुमचं ऐकते ती, जरा समजावून सांगा ना."

त्याच्या मागून काहीतरी येत होतं. मी बायकांना हातानेच खूण केली, बंद करा. एकेक करून सगळी यंत्रं थांबली. माझी लाँड्री इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती.

तीच जागा होती. तीच वर चढणारी. दार करकरलं. थांबली. परत घेतली, परत करकरलं. मागून लेकीचा आवाज आला, "आई, केवढ्याने वाजवतेस!" ही थांबली नाही. परत घेतली. आणि एकदा, एकदाच, गज या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला. मला खुर्चीत बसलेले बाबा आठवले आणि डोळ्यांतून पाणीच आलं.

"ताई? ऐकताय ना?"

"जावईबापू, फोन जरा तिच्याकडे धरा. माझे कान बाबांवर गेलेत."

"अहो ताई, काय बोलताय! मीटिंगमधल्या सगळ्यांना ऐकू जातंय!"

"मग त्यांना सांगा," मी म्हटलं, "जरा हळू बोला म्हणावं. घरात माणूस काम करतंय."