हात थांबला ती खुर्ची

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. शाळा चौथीतच सुटली. हे कुणी वाचणार नाही, तरी आधीच माफी मागते.

मिस्त्रींचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. कुकटपल्लीच्या त्यांच्या शेडमध्ये मी लाकूड घासून गुळगुळीत करायला होते. खुर्ची घासून झाली की म्हणत, "डोळे मीट. सगळीकडून हात फिरव. हात थांबेल तिथं माझं चुकलं." मी लाजून गप्प राहिले की म्हणत, "बोल ना गं! तोंडात सरस ओतलाय काय?"

त्यांच्या खुर्च्या वेगळ्याच. पाय बगळ्यासारखे, पाठ वाकून काही शोधणाऱ्या बाईसारखी. शेजारचा वेल्डर हसायचा, "मिस्त्री, ये कुर्सी है कि ऊंट?"

"बैठके देख, फिर बोल."

तो कधी बसला नाही. बायको गेल्यापासून मिस्त्रींकडे बसायला कुणी येतच नसे. दुपारी आम्ही शेडच्या दोन टोकांना डबे खायचो.

पुण्याहून इथं राहायला आलेल्या एका जोडप्यानं खुर्ची सांगितली, सगळे पैसे आधीच दिले. मिस्त्रींनी त्यातून जुन्या दारांचं सागवान आणलं. खुर्ची न्यायला ते दोघं दारात उभे होते, तेव्हाच माझा हात खुर्चीच्या उजव्या दांडीवर थांबला. पटाशीचं पातं लाकडात जरा खोल गेलं होतं. परक्या माणसांपुढं माझं तोंड उघडेना. सगळं ठीक आहे म्हणून मी नुसती मान डोलावली.

महिन्यानं मिस्त्री तेल लावायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांचाही हात तिथंच थांबला आणि ते खुर्ची ऑटोत घालून परत घेऊन आले. मागोमाग बाई आल्या. "अहो, आम्हाला काही टोचत नाही!"

"मला टोचतंय. गेलेलं लाकूड भरून येत नाही. तुमचे पैसे हळूहळू परत देतो."

बाई गेल्यावर मी म्हटलं, "मला तेव्हाच कळलं होतं."

त्यांनी पटाशी धारेच्या दगडावर घेतली. मग म्हणाले, "तुझ्याशिवाय मला कोण सांगणार होतं गं?"

त्यानंतर त्यांनी मला कधी डोळे मिटायला सांगितलं नाही. स्वतःच हात फिरवायचे. दर महिन्याला पैसे मात्र माझ्याच हाती पाठवायचे.

मागच्या थंडीत मिस्त्री गेले. पैसे थोडे राहिले होते. मी आता चिक्कडपल्लीत पोळ्या करते, त्यातून देत राहिले.

सोमवारी शेवटचे नेले. बाई म्हणाल्या, "ते नाहीत आता. कशाला देता?"

मी म्हटलं, "मोजून घ्या."

त्यांनी मोजले. पूर्ण होते.