जागामास्तर

जागामास्तर नव्या जागी पोचले की आधी तिच्याकडे पाठ करून उभे राहत. जीप थांबली की बाकीची मंडळी "वा! काय देखावा आहे!" म्हणत दरीच्या कडेला धावायची, आणि हा उंच, हडकुळा माणूस टोपी सारखी करत आल्या वाटेकडं बघत राहायचा. मुंबईहून आलेल्या एका दिग्दर्शकानं एकदा न राहवून हटकलं, "मास्तर, जागा इकडं आहे." मास्तर वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "ती कुठं पळून जात न्हाय, साहेब. हे रान कुणाचं, पाणी कुठनं आणायचं, आपल्यामुळं कुणाची वाट अडती, एवढं बघू द्या. मग देखावा बघायचाच हाय की."

त्यांचं खरं नाव शाळेबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. राहायचे शिवाजी पेठेत, शिकवायचे एका हायस्कुलात चित्रकला. त्या काळात कोल्हापुरात सिनेमा म्हणजे शेजारचा धंदा होता. पेठेतल्या गल्लीगल्लीत कुणीतरी स्टुडिओत सुतारकाम करायचं, कुणी रंगभूषा, कुणी घोडे पुरवायचं. मास्तर सुरुवातीला मागचे पडदे रंगवायला गेले. काही दिवसांनी निर्मात्याला म्हणाले, "खोटा डोंगर रंगवत बसण्यापरीस खरा दावतो की, चला." रविवारी त्याला पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला घेऊन गेले, आणि तेव्हापासून जागा शोधायचं काम त्यांच्या मागं लागलं ते लागलंच. शाळेत त्यांची भाषा पुस्तकी असायची. शाळेचं फाटक ओलांडलं की अस्सल व्हायची. 'जागामास्तर' हे नाव दिवेवाल्या पोरांनी ठेवलं आणि ते त्यांना मनापासून आवडलं.

मी वेशभूषा सांभाळत होते. माझे यजमान त्यांचे तालमीतले दोस्त, म्हणून मी त्यांची 'वहिनी'. जागा बघायला जाताना ते मला आवर्जून न्यायचे. रंगीत चित्रपट नुकते सुरू झाले होते. नायिकेसाठी मी मोठ्या हौसेनं विटकरी लुगडं काढलं होतं. मास्तरांनी ते चित्रीकरणाच्या माळावरच्या तांबड्या धोंड्यावर पसरलं, मला लांब नेऊन उभं केलं आणि विचारलं, "वहिनी, बाई दिसती काय?" बाई कुठली दिसायला! लुगडं मातीत विरघळून गेलं होतं. त्यानंतर मी कुठल्याही चित्रपटाचं कापड घ्यायच्या आधी तिथली माती बघून यायला लागले.

त्यांच्या लेखी आपला जिल्हा हाच सगळा देश होता. गगनबावड्याच्या धुक्यात त्यांनी काश्मीर उभं केलं, आणि शिरोळकडं, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या कृष्णेच्या वाळूत, राजस्थान. त्या राजस्थानची गोष्ट युनिटमध्ये पुढं कितीतरी दिवस सांगितली जायची. नायक तहानेनं व्याकूळ होऊन वाळूत कोसळतो, असा प्रसंग होता. ओठांवर पांढरी पूड लावलेली, कॅमेरा वाळूला टेकलेला. नायक कण्हत कोसळला, आणि मागून खणखणीत आवाज आला, "ओ पावणं, तहान लागलीया व्हय? ऊस देऊ का?" कॅमेऱ्याच्या मागं हिरवागार ऊस उभा होता आणि त्याचा मालक खरोखरच कांडकी घेऊन धावत आला होता. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. मास्तरांनी मात्र शेतकऱ्याला वाकून नमस्कार केला, सगळ्यांना ऊस वाटला आणि स्वतः सोलत म्हणाले, "वाळवंटात ऊस मिळतो, असा मुलूख दुसरा दावा बघू!" त्या दिवशीचा सूर्य हातचा गेला, पण युनिटमधल्या कुणी तक्रार केली नाही.

इतिहासाच्या बाबतीत मात्र ते थट्टा खपवून घेत नसत. एका ऐतिहासिक चित्रपटात मावळ्यांनी रात्रभर चालून खिंड गाठायची होती. दिग्दर्शकाला गवताची मऊ उतरण पसंत पडली होती. मास्तरांनी त्याला पलीकडच्या ओढ्यात नेलं. तिथं चिखल होता, करवंदीच्या जाळ्या होत्या, पाय ठेवला की निसटत होता. "हितं चालवा," म्हणाले. "दम खोटा लागत न्हाय, साहेब." मावळे झालेली पोरं दुपारपर्यंत पार खरचटून गेली, माझ्या अंगरख्यांच्या चिंध्या झाल्या म्हणून मी मास्तरांवर चिडले. पण चित्रपट लागला तेव्हा त्या धापा ऐकून थिएटरात कुणी बोलेना. माझ्या शेजारी बसलेल्या एका पैलवानानं डोळे पुसलेले मी पाहिले.

"ह्यांना गावोगावचे उंबरे माहीत," मास्तरांच्या पत्नी मला एकदा चहा देताना म्हणाल्या, "आमच्या घराचा कुठला पत्रा गळतोय ते माहीत न्हाय." मास्तर हसले आणि वर बघून म्हणाले, "कुठला गं?"

सत्तरचं दशक संपत आलं असताना एका मोठ्या रंगीत चित्रपटाचं काम आलं. गोष्ट खेड्यातली होती, आणि शेवटी सगळं गाव पेटतं असं दाखवायचं होतं. पश्चिमेकडच्या एका खोऱ्यात तेव्हा धरण होत होतं. पाण्याखाली जाणारी गावं उठली होती. मास्तरांनी त्यातली भैरेवाडी शोधून काढली. उतरणीवर एकाखाली एक घरं, मधून पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, टोकाला देऊळ. लोक खाली नव्या वसाहतीत गेले होते. देव नेला होता, बऱ्याच घरांची दारं-चौकटी काढून नेल्या होत्या, पण भिंती आणि कौलं होती. दिग्दर्शक खुशीत आला. पंधरा दिवस तिथं चित्रण झालं. मास्तरांना मी इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. "पाणी आलं तरी गाव फिल्मात ऱ्हाईल, वहिनी," असं ते चार-चारदा म्हणायचे.

मग एका सकाळी निर्माता आला. गाव हिंडून बघितलं आणि म्हणाला, "सेट कशाला बांधायचा? हेच पेटवून देऊ. पावसाळ्यानंतर बुडणारच आहे." सरकारी परवानगी त्याच्या खिशात होती. दिग्दर्शक विचारात पडला, पण त्यालाही मोह झाला असावा; खऱ्या गावाची आग कुणाला मिळते?

मास्तरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "त्यांना विचारू."

"कुणाला? गावात आहे कोण?"

"गाव खाली हाय. विचारून येतो."

वसाहतीत मीही त्यांच्याबरोबर गेले. पत्र्याच्या सारख्या खोल्यांची रांग, मधे एक हातपंप. बाया-माणसं जमली. मास्तरांनी काही न लपवता सगळं सांगितलं. सदा नावाचा एक तरणा पोरगा पुढं झाला. "जाळा की! पाण्यात गेलं काय नि जळालं काय, आमास्नी सारखंच. सरकारनं इचारलं न्हाय, तुमी कशाला इचारताय?" त्याच्या आवाजातला राग आमच्यावरचा नव्हता.

तेवढ्यात मागून त्याची आजी आली. तिला सगळे आक्का म्हणत. ती मास्तरांच्या समोर येऊन बसली.

"सारखं कसं, रं? उनाळ्यात पाणी उतरलं की गाव वर दिसतंय म्हणत्यात. खरं हाय का, मास्तर?"

"खरं हाय, आक्का. लई ताणाचा उनाळा असला तर दिसतं."

"मग मला माझं घर बघाय जायाचंय. पाण्यानं धुतलेलं बघीन. जाळून काळं केलेलं न्हाय बघायचं मला."

सदा मान खाली घालून उभा राहिला.

परत आल्यावर मास्तरांनी निर्मात्याला 'नाही' म्हणून सांगितलं. तो भडकला. "तुम्ही जागा दाखवलीत, तुमचं काम संपलं. गाव आता त्यांचं नाही, कागद माझ्याकडे आहे."

"कागद तुमच्याकडं हाय, ते खरंच," मास्तर म्हणाले. "पण मी तुमास्नी हितं पावणा म्हणून आणलंय. त्यांच्या घरात आणलंय. मला त्यांच्या दारात पुन्हा जायाचं हाय." मग ते दिग्दर्शकाकडं वळले आणि तिथंच खडूनं दगडावर चित्र काढायला लागले: टेकडीपलीकडच्या पडीक रानात गवताच्या झोपड्या उभारायच्या, त्या पेटवायच्या, ओल्या पेंढ्याचा धूर पुढं ठेवायचा, मागं खरं गाव दिसत राहील. निर्माता ऐकायला तयार नव्हता. पेट्रोलचे डबे आलेच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आग लावायची असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो तर पाखाडीवर माणसं होती. बातमी रातोरात खाली वसाहतीत पोचली होती, आणि आक्कानं गावाला वर आणलं होतं. कुणी घोषणा देत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. बाया आपापल्या घरासमोरचं अंगण झाडत होत्या. आक्का शेणानं सारवत होती, आणि सदा तिला ओढ्यातून पाणी आणून देत होता. निर्माता ओरडला, "हे काय चाललंय?" आक्का हात न थांबवता म्हणाली, "जायाचंच हाय बाबा. पर पारोसं ठेवून कसं जायाचं? त्या दिशी गडबडीत ऱ्हायलं."

दिग्दर्शक बराच वेळ तिच्याकडं बघत उभा होता. मग त्यानं निर्मात्याला बाजूला नेलं. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पण डबे परत गाडीत चढले. दिग्दर्शक मास्तरांपाशी आला. म्हणाला, "आग तुमच्या झोपड्यांची घेऊ. पण मास्तर, या लोकांना विचाराल का? गाव सोडून निघालेत, असं मला घ्यायचंय. ते स्वतः चालतील का?"

मास्तर म्हणाले, "इचारतो. पण एकदाच चालतील. चुकलं तरी परत न्हाय सांगायचं."

दिग्दर्शकानं मान्य केलं. मी कपड्यांची पेटी उघडलीच नाही. त्यांच्या अंगावर होतं तेच बरोबर होतं. आक्कानं एवढंच विचारलं, "मागं वळून बघायचं का न्हाय?"

"तुम्हाला वाटेल तसं," दिग्दर्शक म्हणाला.

"त्या दिशी ट्रकात बसवून नेलं, बाबा. बघायला सवडच गावली न्हाय."

ते निघाले. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, पाखाडी उतरत. वळणावर आक्का थांबली आणि तिनं मागं बघितलं. किती वेळ बघत होती कोण जाणे. कॅमेरा फिरत होता, कुणी 'कट' म्हणत नव्हतं. मास्तर त्या वेळी कॅमेऱ्याच्या बाजूला नव्हते. ते झाडाकडं तोंड करून उभे होते.

चित्रपट फारसा चालला नाही. पण दिग्दर्शकानं वसाहतीत पडदा लावून तो दाखवला. नायक-नायिकेकडं कुणाचं लक्षच नव्हतं. "ते बघ आमचं जोतं!" "आरं, आमची चिंच!" असा गलका सुरू झाला. निघण्याचा प्रसंग आला तेव्हा मात्र सगळे गप्प झाले, आणि संपल्यावर सदा उठून म्हणाला, "परत लावा."

निर्मात्यानं मास्तरांना पुन्हा बोलावलं नाही. हा माणूस आयत्या वेळी अडवणूक करतो, असं तो सगळीकडं सांगत राहिला, आणि काम कमी होत गेलं. पुढं कोल्हापुरातले स्टुडिओही हळूहळू ओस पडले. मी त्याबद्दल हळहळले की मास्तर म्हणायचे, "शाळा हाय की, वहिनी. पोरास्नी डोंगर काढायला शिकवतो. आता निवृत्त होईपत्तर तेच." शाळेची सहल निघाली की ते पोरांना किल्ल्यावर नेत आणि पायथ्याच्या वस्तीत आधी चौकशी करायला लावत. आपण काही मोठं करतोय असं त्यांना कधी वाटलं नाही.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबरोबर मी शेवटची जागा बघितली ती ते जायच्या आदल्या उन्हाळ्यात. पावसानं दोन वर्षं ओढ दिली होती आणि सदानं निरोप पाठवला: पाणी उतरलंय, आजी तुमास्नी बोलावतीया. मास्तरांना तेव्हा मोतीबिंदूमुळं नीट दिसत नव्हतं. एसटीनं गेलो. धरणाच्या पोटात भेगाळलेला गाळ पसरला होता. भिंती, कौलं काही राहिलं नव्हतं. नुसती दगडी जोती, ओळीनं. सदानं आक्काला पाठुंगळी घेतलं होतं. एका जोत्यापाशी तिनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. तो थांबला. ती उतरली, गाळ तुडवत वर चढली, आणि आतल्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिथं चुलीचा एक दगड होता. त्यावरून ती हात फिरवत राहिली.

मास्तर लांबच उभे होते, हात मागं बांधून. बऱ्याच वेळानं आक्काचं लक्ष गेलं.

"मास्तर, तितं उनात का उभं ऱ्हायलायसा? या की घरात."

दार नव्हतं, चौकट तर केव्हाच वसाहतीत गेली होती. मास्तरांनी जोत्याखाली चपला काढल्या, उंच माणसानं वाकवावी तशी मान वाकवली, आणि आत गेले.